कवटीच्या आतून घेतलेला आलेख

मागच्या अंकात फिट आणि ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) यांवर लिहिताना ‘काही रुग्णांत इलेक्ट्रोड थेट मेंदूवर ठेवून नोंद घ्यावी लागते’ असे एक वाक्य आले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडची बहुतेक पत्रे त्या एका वाक्यावरच आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. या तपासणीला इलेक्ट्रोकॉर्टिकोग्राफी म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ती ‘ईकॉग’ असते.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे, सहाव्या वर्षापासून फिट येते. दोन गोळ्या चालू आहेत, तिसरीही देऊन झाली. डोक्यावरून ईईजी तीनदा झाला. आता मुंबईचे डॉक्टर म्हणतात, कवटी उघडून मेंदूवर तारांची पट्टी ठेवू, आठवडाभर नोंद घेऊ, मग ऑपरेशनचे ठरवू. घरी आजी विचारते, ‘डोकं उघाडीसन तारा ठेवतस, हाई काय तपासनी शे?’ बाहेरून जे दिसले नाही ते आतून काय दिसणार?
– एक पालक, चोपडा तालुका

उत्तर : आजींचा प्रश्न रास्त आहे. डोक्यावरचा इलेक्ट्रोड आणि मेंदू यांच्यामध्ये कातडी, हाड, आवरणे आणि मेंदूभोवतीचे पाणी असते. विजेच्या वाटेत हाड सर्वांत नाठाळ. मेंदूच्या पृष्ठभागावर पाचशे ते हजार मायक्रोव्होल्टचा विजेचा टोकदार झटका (आलेखावरचे टोक, अंगाला येणारा झटका नव्हे) उठला, तरी डोक्यावर येईपर्यंत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो, आणि तोही आजूबाजूला पसरलेला. शिवाय मेंदूचा साधारण सहा ते दहा चौरस सेंटिमीटर भाग एकाच वेळी उसळला तरच तो झटका बाहेर दिसतो. त्याहून लहान जागेतली किंवा खोल घडीतली गडबड बाहेरच्या ईईजीत येतच नाही. जिनिंगच्या भिंतीबाहेर उभे राहिले की मिल चालू आहे एवढे कळते, कोणत्या मशीनचा पट्टा घासतोय ते कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पट्टी म्हणजे पातळ, पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा. त्यात प्लॅटिनमच्या चकत्या बसवलेल्या असतात. एका चकतीचा व्यास ४ मि.मी., त्यातला मेंदूला टेकणारा उघडा भाग सुमारे २.३ मि.मी., आणि दोन चकत्यांच्या केंद्रांमध्ये १ सें.मी. अंतर. आठ बाय आठच्या चौकोनी पट्टीत, म्हणजे ग्रिडमध्ये, ६४ चकत्या येतात. कवटीच्या कडेखाली सरकवायच्या चिंचोळ्या पट्ट्यांत चार, सहा किंवा आठ.

पहिल्या ऑपरेशनात कवटीचा तुकडा काढतात, खालचे जाड आवरण उघडतात, ग्रिड मेंदूवर पसरतात आणि कोणती चकती कोणत्या वळीवर आली याचा फोटो घेतात. आवरण शिवतात. तारा जखमेतून सरळ बाहेर न काढता कातडीखालून काही सेंटिमीटर लांब नेऊन बाहेर काढतात, म्हणजे जंतूंची वाट लांबते आणि पाणी गळण्याची शक्यता घटते. मग सीटी स्कॅन करून तो आधीच्या एमआरआयवर बसवतात. त्यानंतर व्हिडिओसह रात्रंदिवस नोंद सुरू होते. औषधे हळूहळू कमी करतात, कारण नेहमीची फिट कॅमेऱ्यासमोर आणि ग्रिडवर यायलाच हवी. साधारण पाच ते दहा दिवस लागतात, कधी दोन आठवडे. दुसऱ्या ऑपरेशनात ग्रिड काढतात, आणि जागा पक्की झाली असेल व ती काढण्याजोगी असेल, तर त्याच वेळी तो भाग काढतात.

आता या तपासणीची मर्यादा नीट समजून घ्या. ग्रिड जिथे ठेवली तेवढेच तिला दिसते. नोंद वाचताना डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. पहिली : अंगावर लक्षण दिसण्याआधी ग्रिडवर बदल दिसला का? हात आधी आकडला आणि आलेख नंतर हलला, तर फिटचे मूळ ग्रिडच्या बाहेर आहे आणि ग्रिडला फक्त पसरत आलेली लाट मिळाली आहे. दुसरी : सुरुवात ग्रिडच्या अगदी कडेच्या चकत्यांवर आहे का? असेल तर खरे मूळ कडेपलीकडे असण्याचा संशय कायम राहतो. दोन्ही वेळा एवढी मोठी शस्त्रक्रिया होऊनही उत्तर अर्धवटच मिळते. म्हणून अंदाज आधीच पक्का करावा लागतो. ‘काही सापडते का बघू’ म्हणून ग्रिड ठेवायची नसते.

धोकेही सांगतो. प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर ग्रिडखाली किंवा आसपास रक्तस्राव शंभरात सुमारे चार रुग्णांत, आणि आतला जंतुसंसर्ग शंभरात दोन-तीन जणांत आढळतो. मेंदूला सूज येणे आणि पाणी गळणे हेही होते. औषध कमी केल्यावर एकामागून एक फिट येऊ शकतात, म्हणून आयव्ही लाइन चालू आणि फिट थांबवणारे इंजेक्शन उशाशी हवेच.

होकार देण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा : एमआरआय ३ टेस्ला मशीनवर, फिटसाठीच्या खास पद्धतीने, १ मि.मी. जाडीच्या कापांत झाला आहे का? व्हिडिओ ईईजीत नेहमीची फिट पकडली गेली आहे का? आणि तुमचा अंदाज मेंदूच्या कोणत्या भागावर आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसऱ्या केंद्राचे मत घ्या. एक मात्र खरे : दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत नियमित घेऊनही फिट थांबत नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीने ती पूर्ण थांबण्याची आशा बरीच कमी असते. अशा मुलाला शस्त्रक्रियेच्या केंद्राकडे पाठवणे ही घाई म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या भाच्याला कवटी न उघडता बारीक भोके पाडून तारा घालणार आहेत. हे तेच का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : हेतू तोच, रीत वेगळी. याला स्टिरिओ ईईजी म्हणतात. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात तालैराक आणि बांको यांनी १९५०-६०च्या दशकांत ही रीत घडवली. कवटीला सुमारे अडीच मि.मी.ची भोके पाडून ०.८ मि.मी. जाडीचे इलेक्ट्रोड सुईसारखे आत सोडतात. एकेकावर आठ ते अठरा संपर्कबिंदू, आणि एका रुग्णात असे दहा-पंधरा इलेक्ट्रोड. खोल घड्या, कानाच्या पातळीवर खोल आत असलेला हिप्पोकॅम्पस (आठवणींशी निगडित भाग), दोन्ही बाजू एकदम, हे सगळे यात पाहता येते, ग्रिडला ते जमत नाही. रक्तस्राव आणि संसर्गही कमी. उलट बोलण्याची जागा कुठे संपते आणि रोगट भाग कुठे सुरू होतो, अशी सलग सीमा आखायची असेल तर ग्रिड सरस. जगभरात कल स्टिरिओ ईईजीकडे झुकला आहे, आणि आमच्या मते ते बरोबरच आहे.

प्रश्न : माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. मायक्रोव्होल्टमधले सिग्नल वॉर्डातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये हरवत कसे नाहीत? आणि मेंदूला तारा जोडल्या असताना शॉर्ट झाला तर?
– एक वाचक, फैजपूर

उत्तर : तुमचा प्रश्न खुद्द तंत्रज्ञांना रोज छळतो. १०० मायक्रोव्होल्ट आणि २३० व्होल्ट यांत २३ लाख पटींचा फरक आहे. भिंतीतली वायर रुग्णाला शिवत नाही, पण रुग्ण, पलंग आणि तारा मिळून एक कपॅसिटर होतो आणि मेनच्या विजेचा ५० हर्ट्झ सगळ्यांवर चढतो. म्हणून ॲम्प्लिफायर प्रत्येक चॅनेलवर दोन टोके घेतो आणि त्यांतला फक्त फरक वाढवतो. दोन्हींवर सारखीच चढलेली ५० हर्ट्झ वजा होते. फरक किती वाढतो आणि सारखा भाग किती, यांचे चांगल्या मशीनमधले गुणोत्तर १०० डेसिबल, म्हणजे एकास एक लाख.

गोम इथेच आहे. दोन्ही टोकांचा संपर्क सारखा असेल तरच वजाबाकी बरोबर होते. एक टोक सुटत आले, पेस्ट सुकली किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेले, की ५० हर्ट्झ दोन टोकांवर असमान चढतो आणि खरा सिग्नल म्हणून पडद्यावर येतो. डोक्यावरच्या ईईजीत यासाठी प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या खाली ठेवतात. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने पेस्ट सरकते आणि आलेख समुद्राच्या लाटांसारखा हेलकावतो, तेव्हा आधी कूलर-एसी लावून रुग्णाला थंड करा, मग मशीनला दोष द्या.

नॉच फिल्टर लावून ५० हर्ट्झ गाडता येतो, पण आम्ही तो शेवटचा उपाय मानतो. वायरिंगचा गोंगाट १०० आणि १५० हर्ट्झवरही असतो, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून मिळणारी मोलाची माहिती ७० ते १५० हर्ट्झच्याच पट्ट्यात बसते. बाहेरच्या ईईजीत हा पट्टा जवळपास दिसतच नाही. तो पाहण्यासाठीच तर कवटी उघडली. तेव्हा गोंगाट मुळाशी तोडायचा : पलंगाच्या मोटरचा प्लग काढा, सलाइन पंप बॅटरीवर न्या, नातेवाइकांचे मोबाइल चार्जर उशापासून हटवा. एकेक काढत पडद्याकडे पाहत राहिले की चोर सापडतो. रुग्णाला ग्राउंड एकच द्यायचा. दोन ठिकाणी दिला की लूप तयार होते. काळ्या मातीतले अर्थिंग उन्हाळ्यात माती तडकली की कमजोर होते हे तुम्हाला सांगायला नको. रुग्णालयाच्या अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी लागते, आणि त्याचे रीडिंग पावसाळ्यात घेऊन वर्षभर मिरवण्यात अर्थ नाही.

रेफरन्स, म्हणजे बाकी चकत्या ज्याच्याशी ताडून मोजतात ते टोक, कुठे ठेवला हेही महत्त्वाचे. तो मेंदूच्या चालू भागावर पडला तर त्याचा झटका सगळ्या चॅनेलवर उलटा उमटतो आणि पाहणाऱ्याला वाटते, अख्खा मेंदूच उसळतोय. म्हणून रेफरन्स हाडावर, कातडीखाली किंवा मेंदूकडे पाठ केलेल्या एखाद्या चकतीवर घेतात.

शॉर्टचे उत्तर : रुग्णाकडची बाजू आणि मेनची बाजू यांत तांब्याचा थेट धागा नसतो. सिग्नल प्रकाशाच्या किंवा चुंबकीय दुव्यावरून पलीकडे जातो. वैद्यकीय उपकरणांतली सर्वांत कडक श्रेणी हृदयाला थेट जोडायच्या उपकरणांची, तिच्यात गळती करंट नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोॲम्पिअर आणि एखादा बिघाड झाला तरी ५० मायक्रोॲम्पिअर एवढाच चालतो. मेंदूवरच्या कामालाही हीच मर्यादा धरावी. घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिॲम्पिअरला पडतो, म्हणजे १० मायक्रोॲम्पिअरच्या तीन हजार पटींना.

प्रश्न : मी ओटी टेक्निशियनचा कोर्स करतो. ऑपरेशन चालू असतानाच ईकॉग घेतात तेव्हा भूल कशी ठेवतात आणि नोंद कशामुळे बिघडते?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : ऑपरेशनमधली नोंद दहा-वीस मिनिटांची असते, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. तयारी आदल्या दिवशीच्या कागदावर ठरते. पूर्वऔषध म्हणून मिडॅझोलाम द्यायचे नाही. ते फिटविरोधीच औषध, झटके दाबून टाकते. प्रोपोफॉल हे शिरेतले भुलीचे औषध चालू असेल तर नोंदीआधी वीस-तीस मिनिटे बंद. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू जास्त झाला तर आलेख सपाट होतो, मध्येच उसळी आणि पुन्हा सपाट असा दिसतो. सेव्होफ्लुरेन हा दुसरा वायू जास्त मात्रेत उलटा खेळ करतो, निरोगी भागातही झटके उठवतो. फेंटानिल-रेमिफेंटानिल गटाची औषधे आणि कमी मात्रेतले डेक्समेडिटोमिडीन चालवून घेता येते. भूल किती ठेवायची यापेक्षा ती नोंदभर एकसारखी ठेवणे महत्त्वाचे. वायूचा आकडा मधेच बदलला तर आलेखातला बदल मेंदूचा की वायूचा हे कुणी सांगू शकत नाही. वायूची टक्केवारी दर काही मिनिटांनी आलेखावरच टिपून ठेवा.

मशीनची मांडणी : बाहेरच्या ईईजीत आलेखाच्या एका मिलिमीटरला सात-दहा मायक्रोव्होल्ट ठेवतात, इथे तेवढे ठेवले तर रेघा एकमेकींत गुंततात. तीस ते शंभरच्या दरम्यान ठेवा. सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नलचे नमुने, सेकंदाला किमान १०००, अतिवेगवान लहरी पाहायच्या असतील तर २००० किंवा जास्त.

बिघाड ओळखायला शिका. दोन-तीन शेजारी चॅनेल अगदी जुळे दिसले, तर चकत्यांखाली सलाइनचे तळे साचून त्या एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. ओल्या कापसाने जादा पाणी टिपा. एकच चॅनेल खरखरत असेल तर ती चकती सुकली आहे किंवा मेंदूपासून उचलली गेली आहे, दोन थेंब सलाइन आणि हलका दाब पुरतो. एकाच जागी सिग्नल लहान दिसला तर खाली रक्ताची गुठळी आहे का पाहायला सांगा. नाडीच्या ठेक्यावर हलणारी लाट म्हणजे पट्टी रक्तवाहिनीवर बसली आहे, म्हणून ईसीजी एका चॅनेलवर घेतलाच पाहिजे. कॉटरी (रक्तवाहिन्या विजेने जाळून बंद करणारे यंत्र) चालू असताना काहीही वाचू नका. ती थांबल्यावरही ॲम्प्लिफायरला सावरायला काही सेकंद द्या.

रोगट भाग काढल्यानंतर पुन्हा नोंद घेतात. कापलेल्या कडेला तेव्हा दिसणारे झटके पुष्कळदा नुकत्याच झालेल्या इजेचे असतात, प्रत्येकामागे चाकू घेऊन धावायचे नसते. मेंदूच्या जन्मजात बिघडलेल्या सालीच्या भागात, ज्याला कॉर्टिकल डिस्प्लेशिया म्हणतात, जवळपास अखंड तालात चालणारे झटके दिसतात. ते राहिले तर फिटही राहण्याचा संभव मोठा, तिथे ही नोंद खरी उपयोगी पडते.

याच चकत्यांमधून उलट करंट देऊन हात, तोंड, बोलणे यांच्या जागाही शोधतात. ५० हर्ट्झचे दुहेरी दिशेचे स्पंद, प्रत्येक ०.२ ते ०.३ मिलिसेकंदाचा, एका वेळी तीन-पाच सेकंद. सुरुवात १ मिलिॲम्पिअरने, वाढ एकेकाने, कमाल दहा-पंधरा. दर वेळी नजर आलेखावर : करंट थांबल्यावरही शेजारी लयबद्ध झटके चालू राहिले तर ते त्या करंटने भडकलेले आहेत, तेव्हा मिळालेले उत्तर धरायचे नाही आणि मात्रा खाली आणायची. ओटीत असताना यातून फिट सुरू झाली तर बर्फातले थंड रिंगर लॅक्टेट थेट मेंदूवर ओततात, बहुधा सेकंदांत शमते. ते भांडे करंट देण्याआधी निर्जंतुक टेबलावर भरून ठेवणे हे तुमचे काम. हात-पाय हलतात का हे पाहायचे असेल तर स्नायू सैल करणारे औषध उतरलेले हवे.

प्रश्न : मेंदू उघडा असताना रुग्णाला जागे ठेवतात, तर दुखत नाही का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कातडीला, स्नायूंना आणि आवरणाला कळते, तिथे सुन्न करणारी इंजेक्शने देतात. ग्रिड आत असताना पहिले दोन-तीन दिवस डोके दुखते, उलटीसारखे होते, त्यावर औषध देतात. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, झोप अनावर येऊ लागली, तर लगेच सीटी.

प्रश्न : हे तंत्र कधीपासूनचे?
– एक विज्ञान शिक्षक, नंदुरबार

उत्तर : प्राण्यांच्या उघड्या मेंदूवरून वीज मोजल्याचे लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्ये मांडले. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये छापली. शस्त्रक्रियेत तिचा पद्धतशीर वापर मॉन्ट्रियलमध्ये पेनफिल्ड आणि जॅस्पर यांनी रुळवला.

प्रश्न : या मशीनने मनातले विचार वाचता येतात असे मोबाइलवर पाहिले. खरे काय?
– एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : विचार वाचता येत नाहीत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूवर १२८ चकत्यांची ग्रिड ठेवून, तो बोलण्याचा प्रयत्न करी तेव्हाच्या सिग्नलवरून ५० शब्दांच्या यादीतले शब्द ओळखले, मिनिटाला सुमारे १५. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये २५३ चकत्या वापरून दुसऱ्या रुग्णात तोच वेग मिनिटाला ७८ शब्दांवर गेला. दोन्ही ठिकाणी रुग्णाने स्वतः ओठ-जीभ हलवण्याचा प्रयत्न करावा लागतो आणि आधी बराच सराव लागतो. गप्प बसलेल्याच्या मनातले यातून निघत नाही.

प्रश्न : बहिणीच्या मुलीला ग्रिडसाठी पुण्याला नेणार आहोत. घरून काय तयारी करावी?
– एक वाचक, शहादा

उत्तर : फिट येताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत हवेत, आणि पहिले दहा सेकंद सर्वांत मोलाचे. डोके-डोळे कुणीकडे वळले, कोणता हात आधी, फिट संपल्यावर किती वेळाने नाव सांगितले, हे तारखेसह वहीत लिहा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तिला कुशीवर वळवा आणि तोंडात काही कोंबू नका.

गोळ्या घरी आपल्या मनाने बंद करू नका. त्या कमी करायच्या त्या दवाखान्यातच. ॲस्पिरिन, इतर वेदनाशामके किंवा वैद्याच्या पुड्या चालू असतील तर सांगा, काहींनी रक्त पातळ होते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी आरोग्य योजनेतून करायचे असेल तर कोणते पॅकेज बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी लिहून घ्या.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बोलण्याची जागा शोधताना मुलीला चित्रे दाखवून नावे विचारतात, आणि करंट दिल्यावर ती अडखळते का ते पाहतात. मुलगी घरी पावरी, भिली किंवा अहिराणी बोलत असेल आणि चित्रांची नावे प्रमाण मराठीत विचारली, तर ती शब्द येत नाही म्हणून अडखळली की करंटमुळे, हे कळणार नाही. आदल्या दिवशी सगळी चित्रे तिच्याकडून तिच्याच बोलीत म्हणवून घ्या. करंट नसताना जे चित्र तिला झटकन सांगता येत नाही ते गठ्ठ्यातून काढायला लावा. आणि ती भाषा कळणारे घरचे माणूस खाटेजवळ बसू द्या, अशी परवानगी आधीच मागून ठेवा.